लाकडाच्या लगद्यापासून टेम्पो ऑक्सिडेशनने नॅनोसेल्युलोज करतोय, पण जेल पारदर्शक होत नाही. काय चुकत असेल?

टेम्पोची, म्हणजे हे ऑक्सिडेशन घडवणाऱ्या उत्प्रेरकाची, नवी बाटली एवढ्यात मागवू नका. तुमच्या गाइडना वाटतंय तसा तो जुना झाला असेलही, पण पहिला संशय त्याच्यावर घेण्यासारखी लक्षणं मला तुमच्या वर्णनात दिसत नाहीत.

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, माझी समजूत चुकली असेल तर सांगा. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट, सोलापुरातच. ब्लीच केलेला क्राफ्ट लगदा १० ग्रॅम, एक लिटर पाणी, टेम्पो, सोडियम ब्रोमाइड आणि दुकानातून आणलेला हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच). पीएच १० वर ठेवून दोन तास ढवळलं, कॉलेजच्या पाण्याने धुतलं, मिक्सरमधून काढलं. मिळालं काय, तर ताकासारखं पांढरं पाणी आणि दहा मिनिटांत तळाशी बसणारे तंतू. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच.

माझा अंदाज असा आहे की तुमची चूक हायपोच्या कॅनमध्ये आणि धुण्याच्या पाण्यात आहे. मी सोलापुरातल्या टॉवेलच्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये काम करते. त्याआधी एम.एस्सी.ला हाच प्रयोग केला होता, आणि याच दोन गोष्टींनी माझा मार्च ते मे खाल्ला. रसायनं महागडी होती ती सगळी चोख निघाली. गोंधळ घातला तो ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्या दोन द्रवांनी.

आधी आत काय घडतं ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. लगद्याचा एक तंतू म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची घट्ट बांधलेली मोळी. त्या मोळीतली एकेक काडी ३ ते ४ नॅनोमीटर जाडीची. काड्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी चिकटलेल्या असतात. नुसत्या यांत्रिक जोरावर त्या सोडवायच्या म्हटलं तर होमोजिनायझरमधून पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास तसं करून दाखवलं गेलं होतं, पण विजेचा खर्च इतका की ते बरीच वर्षं मागे पडलं. टोकियो विद्यापीठातल्या अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी २००६ मध्ये दुसरी वाट दाखवली. काड्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार बसवायचा, म्हणजे पाण्यात त्या स्वतःच एकमेकींना दूर लोटतात आणि थोड्याशा ढवळण्याने सुट्या होतात. या कामासाठी इसोगाई, साइतो आणि योशिहारु निशियामा यांना २०१५ चा मार्कुस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. जपानमध्ये निप्पॉन पेपरने २०१७ मध्ये इशिनोमाकीच्या कारखान्यात वर्षाला ५०० टनांचा प्रकल्प याच पद्धतीवर सुरू केला.

भार बसवायचं काम टेम्पो करतो. त्याच्या नायट्रोजनभोवती चार मिथाइल गट दाटीने बसलेले असतात, त्यामुळे अडचणीच्या जागेतल्या हायड्रॉक्सिलपर्यंत तो पोचतच नाही. ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरचा, बाहेर डोकावणारा हायड्रॉक्सिल तेवढा त्याच्या हाती लागतो. तिथे आधी आल्डिहाइड होतं, मग कार्बोक्झिलेट. पृष्ठभागावरच्या साखळीत एकाआड एक ग्लुकोजचाच सहावा कार्बन बाहेर तोंड करून असतो, आणि स्फटिकाच्या आत टेम्पोला शिरता येत नाही. म्हणून काडीचा गाभा तसाच मजबूत राहतो, फक्त सालीवर भार येतो. हे मला आजही फार सुंदर वाटतं. टेम्पो स्वतः संपत नाही. हायपो ब्रोमाइडचं हायपोब्रोमाइट करतो, ते टेम्पोला पुन्हा पुन्हा कामाला जुंपतं. खरा खर्च होतो तो हायपो.

म्हणजे भार किती बसणार हे हायपो किती घातला यावर ठरतं. लाकडाच्या लगद्यासाठी रूढ प्रमाण असं: दर ग्रॅमला टेम्पो ०.०१६ ग्रॅम, सोडियम ब्रोमाइड ०.१ ग्रॅम आणि सोडियम हायपोक्लोराइट ५ मिलिमोल. तुमच्या १० ग्रॅमला ५० मिलिमोल, म्हणजे शुद्ध हायपोक्लोराइट ३.७२ ग्रॅम. कॅनमधला हायपो खरोखर १० टक्के असेल तर ३७ मिली. तुम्ही साधारण तेवढाच घातलाय. आता तो कॅन ४ टक्क्यांवर आलेला असेल तर? मग तुम्ही ५० ऐवजी २० मिलिमोलच घातलेत. एका कार्बोक्झिलेटला दोन हायपोक्लोराइट लागतात, त्यामुळे अगदी सगळं कामी आलं तरी ग्रॅममागे १ मिलिमोलच्या वर जाणं शक्य नाही, आणि सगळं कधीच कामी येत नाही. चांगल्या लगद्यात ग्रॅममागे १.५ च्या आसपास यायला हवं. १ च्या बरंच खाली राहिलं की मिक्सर फक्त तंतूंची टोकं पिंजतो. तुमचं ताक ते हेच.

माझ्या वेळी लॅबमधल्या कॅनवर १२ टक्के छापलेलं होतं. खिडकीखाली ठेवलेला, झाकण अर्धवट लावलेलं. मी तोच दोन महिने वापरला, टायट्रेशन न करता. नंतर इथे कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या डाइंग मास्टर काकांनी हायपोचा ड्रम आल्या आल्या नमुना माझ्या हातात दिला. चाळीस वर्षं या धंद्यात गेलेला माणूस. म्हणाले, "मॅडम, हायपो म्हणजे दूध समजा. सकाळचं संध्याकाळी तापवून बघायचं, मगच वापरायचं." मी ते वाक्य ऐकलं आणि माझे ते तीन महिने डोळ्यांसमोरून गेले. हायपो उष्णतेने, उजेडाने आणि लोखंड-तांब्याच्या किंचितशा अंशानेही विघटित होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग तिप्पट-चौपट होतो. आपल्याकडे एप्रिलात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या कॅनचं काय होत असेल याचा विचार करा.

तपासणं सोपं आहे आणि सगळं सामान तुमच्या लॅबमध्ये असणारच. हायपो १० मिली घेऊन २५० मिलीपर्यंत पातळ करा. त्यातला १० मिली फ्लास्कमध्ये, त्यावर पोटॅशियम आयोडाइड, मग असेटिक आम्ल, आणि ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. शेवटाजवळ स्टार्च. हायपो १० टक्के असेल तर १०.७ मिलीच्या आसपास रीडिंग येईल. ४ टक्के असेल तर ४.३. आलेल्या आकड्यावरून किती मिली घालायचा ते ठरवा, लेबलवरून नाही. एक गोष्ट आवर्जून सांगते. फोटोग्राफीची जुनी माणसं 'हायपो' म्हणतात ते थायोसल्फेट. आपल्या प्रोसेसवाल्यांचा हायपो म्हणजे हायपोक्लोराइट. दोन्ही एकमेकांना संपवणारे. कपाटातून बाटली काढताना नाव पूर्ण वाचा.

दुसरी खूण तुमच्या ब्युरेटमध्येच आहे. कार्बोक्झिल तयार होतं तसा पीएच खाली येतो, म्हणून ०.५ मोलर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) थेंबथेंब घालून तो १० वर धरायचा असतो. एका कार्बोक्झिलला एक कॉस्टिक. ग्रॅममागे १.५ मिलिमोल आलं तर १० ग्रॅमला १५ मिलिमोल, म्हणजे ३० मिलीच्या आसपास. माझ्या फसलेल्या प्रयोगाच्या वहीत ७ मिली लिहिलेलं आहे. आकडा माझ्यासमोर होता, मी तो फक्त टिपून ठेवला. तुमच्या वहीत किती आहे बघा. मात्र बाजारच्या हायपोत मोकळा कॉस्टिक बराच असतो आणि तो हा हिशेब बिघडवतो. हायपोचा पीएच घालण्याआधी १० च्या जवळ आणला असेल तरच ३० चा आकडा लागू होतो. ते करताना अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, थेंबाथेंबाने, जोरात ढवळत, पीएच मीटरवर डोळा ठेवून आणि फ्यूम हूडमध्येच. आम्ल जास्त पडलं की क्लोरिन वायू सुटतो. हूड नसेल तर हे करूच नका, हायपो हळूहळू अर्ध्या तासात घाला आणि ब्युरेटचा आकडा अंदाजापुरता धरा.

दोन तास झाले म्हणून थांबायचं, असंही नाही. पीएच स्वतःहून खाली यायचा थांबला की क्रिया संपली. पिवळसर झालेला लगदा तोपर्यंत पांढरा पडतो. मग थोडं इथेनॉल घालून उरलेला हायपो मारायचा आणि धुवायला घ्यायचं.

आणि इथेच दुसरी चूक होते. हायपो ताजा आणून मी पुन्हा केलं तेव्हा ब्युरेट २८ मिलीपर्यंत गेली, मी खूश. धुतलं, मिक्सरमध्ये फिरवलं, आणि पुन्हा गुठळ्या! या वेळी तंतू नाही, मऊ, बुळबुळीत, नासलेल्या दुधासारखं काहीतरी. दोन दिवस मला कळेना. धुतलं होतं बोअरच्या पाण्याने. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? बऱ्याच इमारतींच्या टाकीत बोअरचं मिसळलेलं असतं, आणि काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी जड असतं, शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन. कॅल्शियमवर दोन धन भार; तो दोन शेजारच्या काड्यांवरच्या कार्बोक्झिलेटांना एकत्र बांधतो. एवढा खटाटोप करून आपण काड्यांना एकमेकींपासून दूर लोटायला शिकवलं, आणि पाणी त्यांच्या पुन्हा गाठी मारतं.

गणित करून बघा. पाण्याचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ३०० मिलिग्रॅम धरला तर कॅल्शियम लिटरला ३ मिलिमोल. धुवायला पाच लिटर वापरलंत तर १५ मिलिमोल, म्हणजे ३० मिलिमोल भार. तुमच्या १० ग्रॅम लगद्यावर सगळे मिळून कार्बोक्झिलेट १५. प्रत्येकाला बांधून वर तेवढंच उरतं. आमच्या प्रोसेस हाउसमध्ये बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून काढल्याशिवाय रंगाच्या मशिनला देत नाहीत, नाहीतर टॉवेलवर रंग डागडाग बसतो. हे मला इथे येऊन पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. लॅबमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर चांगलं जेल झाल्यावर चमचाभर काचेवर घ्या आणि त्यावर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाचा एक थेंब सोडा. थेंब पडला तिथे ते जागच्या जागी खरवसासारखं आळतं. एकदा हे पाहिलंत की धुण्याच्या पाण्याबद्दल पुन्हा कधी हयगय होणार नाही.

तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणीच. लॅबचा डिस्टिलेशनचा सेट पुरत नसेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. कॅन उघडल्यावर कंडक्टिव्हिटी मीटरने एकदा तपासून घ्या. आरओचा जार चालेल का, असं विचाराल. त्यातही क्षार उरतात, टाळा.

तुमचा दुसऱ्या वेळचा लगदा अजून फेकला नसेल आणि वाळला नसेल तर तो बहुधा वाचवता येईल. आधी हायपो पूर्ण गेलाय याची आयोडाइड-स्टार्चच्या कागदाने खात्री करा. कागद निळा झाला नाही तरच पुढे जा. मग लगदा पाण्यात कालवून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ च्या आसपास आणा, अर्धा तास ढवळा, गाळा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा. कॅल्शियम निघून जातो. नंतर पाण्यात घेऊन पातळ कॉस्टिकने पीएच ८ वर न्या, म्हणजे कार्बोक्झिल पुन्हा सोडियमच्या रूपात येतात. ही शेवटची पायरी विसरलात तर भारच नसतो आणि काड्या सुटत नाहीत. क्षार निघत जातात तसा लगदा फुगतो आणि गाळायला वेळ लागायला लागतो. कंटाळवाणं असतं, पण ते चांगलं लक्षण आहे. मात्र हायपोच कमी पडला असेल तर या धुण्याने काही साधणार नाही. तो लगदा पुन्हा ऑक्सिडाइझ करावा लागेल.

आता तुमच्या टेम्पोबद्दल. तो नारिंगी-लाल स्फटिकांचा असतो आणि ३६ ते ३८ अंशांना वितळतो. आपल्या उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो. माझी बाटली एका सोमवारी उघडली तर तळाशी लाल रस झालेला. तो खराब झाला असं समजून मीही नवीन मागवायला निघाले होते. फ्रिजमध्ये ठेवला, पुन्हा गोठला, आणि त्याच टेम्पोने पुढे चांगलं जेल दिलं. झाकण घट्ट ठेवा, कारण तो उडूनही जातो. पाण्यात तो सावकाश विरघळतो. लगदा घालण्याआधी पाणी एकसारखं फिकट पिवळं दिसेपर्यंत ढवळत राहा. नुसता वर तरंगत राहिलेला टेम्पो काही कामाचा नाही.

प्रयोगाच्या कृतीत 'खोलीचं तापमान' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २०-२५ अंश. सोलापुरातली एप्रिलमधली दुपार नव्हे. ३८-४० अंशांत हायपो स्वतःच मोडतो, आणि पीएच १० वर सेल्युलोजच्या साखळ्याही जास्त तुटतात. बीकर पाण्याच्या टबात ठेवा, टबात बर्फाचे खडे टाकत राहा, किंवा सकाळी सातला सुरू करा. मी सकाळी करायचे.

लगद्याचं म्हणाल तर कोरडा, दाबलेला तक्ता वापरत असाल तर रात्रभर भिजवून पूर्ण मोकळा करून घ्या. एकदा वाळलेल्या तंतूंची छिद्रं मिटतात आणि पुन्हा पूर्ण उघडत नाहीत. ब्लीच न केलेला तपकिरी लगदा घेऊ नका, त्यातलं लिग्निनच हायपो खाऊन टाकतं. टॉवेलच्या गावात राहून कापसाचं वेस्ट का वापरू नये, असं तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारलंय. वापरता येईल, पण आधी लाकडावर हात बसवा. कापसातले स्फटिक जाडसर असतात, त्यामुळे वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, भार कमी बसतो आणि काड्या तितक्या सहज सुटत नाहीत. कापसावरच काम करायचं असेल तर मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, त्यांच्याकडे नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्पच आहे. गाइडमार्फत पत्र लिहा.

मिक्सरमध्ये फिरवताना ०.२ ते ०.५ टक्के एवढंच पातळ ठेवा. एक मिनिट फिरवा, दोन मिनिटं थांबा, कारण भांडं तापतं. झालं की नाही हे ओळखायची माझी आवडती रीत सांगते. मोडक्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवरून पोलरायझरच्या दोन पट्ट्या काढा. एक दिव्याकडे, दुसरी डोळ्याकडे, अशा धरा की मधून अंधार दिसेल. मधे तुमची काचेची बाटली धरून हलवा. ताक असेल तर धूसर उजेड दिसेल. काड्या खरंच सुट्या झाल्या असतील तर त्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात उजेडाच्या लाटा, रंगांच्या घड्या उलगडताना दिसतील, आणि बाटली स्थिर ठेवली की हळूहळू विझतील. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लॅबमध्ये एकटीच होते, आणि शिपाईमामांना बोलावून दाखवलं.

कार्बोक्झिलचा नेमका आकडा प्रबंधात द्यावा लागेलच. त्यासाठी कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन करा, ०.३ ग्रॅम कोरड्या वजनाएवढा नमुना पुरतो. तयार जेल फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठवू नका आणि वाळवूही नका. वाळलेलं पुन्हा नीट सुटत नाही.

आज एवढंच करा: हायपोचं टायट्रेशन, आणि वहीत दोन्ही वेळचा कॉस्टिकचा आकडा किती आहे ते बघणं. दोन्ही आकडे इथे कमेंटमध्ये टाका, धुण्याच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजलीत तर तीही. मी रात्री नऊनंतर बघते.